आधी नमुना, मग निविदा

महसूल खात्याशी ज्यांचा कधी संबंध आला असेल त्यांना 'नमुना' हा शब्द नवा नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून आपला सात-बाराचा उतारा होतो. फेरफारांची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. फेरफारावर हरकत आली तर तिची नोंद सहा-अ मध्ये. एका खातेदाराची गावातील सर्व जमीन पाहायची असेल तर आठ-अ. असे एकूण २१ गाव नमुने, आणि ते कसे ठेवावेत हे सांगणारी, आजही 'अँडरसन मॅन्युअल' या नावाने ओळखली जाणारी पुस्तिका. महसुली नोकरीत नव्याने आलेल्या अधिकाऱ्याचे पहिले शिक्षण या नमुन्यांपासूनच सुरू होते.

या नमुन्यांमागे एक साधा प्रशासकीय विचार होता. नुसता हुकूम काढून भागत नाही, हुकुमासोबत कोरा तक्ता द्यावा लागतो. कोणत्या रकान्यात काय लिहायचे, ते कोणी लिहायचे आणि कोणाच्या सहीने ते पुढे जायचे, हे तक्ता पाहताच तलाठ्याला कळते. हुकुमाची भाषा दोन माणसे दोन तऱ्हांनी वाचू शकतात. तक्त्याच्या बाबतीत तो धोका पुष्कळ कमी असतो, आणि तक्ताच चुकीचा असेल तर पहिल्या दहा नोंदी करतानाच तलाठी कुरकुर करू लागतो.

संगणक आल्यावर मात्र हा विचार आपण विसरलो. आज शासन कोट्यवधी रुपयांच्या संगणक-प्रणाली विकत घेते. त्या घेताना आपण काय पाहतो? शेकडो पानांचा मजकूर. तक्ता नाही, चित्र नाही, हाताळून पाहता येईल असे काहीच नाही. मजकुरावर सह्या होतात, निविदा निघते, कार्यादेश जातो, आणि वर्ष-दीड वर्षाने जी वस्तू टेबलावर येते ती पाहून सर्वजण एकच वाक्य बोलतात: "आम्हाला हे नको होते."

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ज्या प्रणालीचा नमुना तिच्या प्रत्यक्ष वापरकर्त्यांनी हाताळून पाहिलेला नाही, त्या प्रणालीची निविदा निघता कामा नये. नमुना म्हणजे तयार सॉफ्टवेअर नव्हे. प्रत्येक स्क्रीनचे चित्र, मग ते कागदावर पेन्सिलीने काढलेले असो वा एखाद्या साध्या साधनाने संगणकावर जुळवलेले असो. चित्रावर बटणे असावीत, रकाने असावेत, आणि एका चित्रावरचे बटण दाबले की पुढचे चित्र समोर यावे. त्याच्या मागे काही चालत नसले तरी हरकत नाही. ते पाहून माणसाला "हे असे नाही" असे म्हणता आले पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा.

सध्याची रीत कशी आहे ते पाहू. खाते एखादा सल्लागार नेमते. सल्लागाराची तरुण मुले कार्यालयात येतात, चार-पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतात आणि एक दस्तऐवज तयार करतात. कंत्राटदार ठरल्यावर तो त्याचाच आणखी जाड अवतार करतो. त्याला एसआरएस म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय अपेक्षित आहे याचे सविस्तर निवेदन. हा ग्रंथ इंग्रजीत असतो. त्यातले प्रत्येक वाक्य 'प्रणालीने अमुक करावे' अशा साच्यातले असते. तो एखाद्या उपसचिवाच्या टेबलावर येतो आणि सोबतच्या पत्रात लिहिलेले असते की सात दिवसांत हरकत न आल्यास मान्यता गृहीत धरली जाईल.

मी वाचकांनाच विचारते, विधिमंडळाचे प्रश्न, न्यायालयीन प्रकरणे, बदल्या, दौरे आणि रोजच्या शंभर फायली सांभाळणारा अधिकारी ते तीनशे पानांचे निवेदन सात दिवसांत वाचेल का? आणि वाचले तरी त्याला त्यातून काय दिसेल? 'प्रणालीने प्रलंबित प्रकरणांची यादी दाखवावी' या वाक्यात हरकत घेण्यासारखे काहीच नाही. म्हणून तो सही करतो. त्या सहीला पुढे 'ग्राहकाची मान्यता' असे भारदस्त नाव मिळते.

आता हाच 'प्रलंबित' शब्द घ्या. लिपिकाच्या दृष्टीने प्रलंबित म्हणजे त्याच्या टेबलावरून न हललेले प्रकरण. वर पाठवले की त्याच्यापुरते ते संपले. अधिकाऱ्याच्या दृष्टीने प्रलंबित म्हणजे मुदत उलटूनही निकाली न निघालेले प्रकरण. २०१० साली मध्य प्रदेशाने आणि त्यानंतर अनेक राज्यांनी लोकसेवा हमीचे कायदे केले, महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा, त्यामुळे या अर्थाला आता कायद्याचेही वजन आहे. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने मात्र मंजूर नाही आणि नामंजूरही नाही ते सारे प्रलंबित, मग ते काल आलेले असो की दोन वर्षांपूर्वीचे. अर्जदार स्वतः त्रुटी दूर करीत नसल्यामुळे थांबलेले प्रकरणही त्याच्या यादीत येते.

एका शब्दाचे असे तीन अर्थ असताना तीनशे पानांत किती घोळ लपलेले असतील याची कल्पना करा. या तिघांना एका खोलीत बसवून महिनाभर मजकुरावर चर्चा केली तरी हा घोळ उघड होणार नाही, कारण प्रत्येकाला आपलाच अर्थ खरा वाटत असतो आणि दुसरा अर्थ असू शकतो हेच सुचत नाही. पण एका कागदावर चौकट काढा, तिच्यात 'प्रलंबित : ४१२' असे लिहा आणि तो कागद तिघांपुढे ठेवा. लिपिक लगेच म्हणेल, "एवढी? माझ्याकडे तर चाळीसच आहेत." अधिकारी विचारेल, "यातली मुदतीबाहेरची किती?" प्रोग्रॅमर विचारेल, "मुदत कुठून मोजायची, अर्जाच्या तारखेपासून की त्रुटी दूर झाल्यापासून?" पाच मिनिटांत खरे प्रश्न बाहेर येतात.

यात नवल काहीच नाही. आपल्या घरातल्या बायकांना हे केव्हाचे ठाऊक आहे. शिंप्याकडे जाताना त्या छाती-कंबरेची मापे लिहून नेत नाहीत, मापाचा ब्लाऊज नेतात, आणि 'याच्यासारखा, पण बाही दोन बोटे लांब' असे सांगतात. शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यात गैरसमजाला जागा उरत नाही. शासन मात्र शिंप्याला निबंध लिहून देते.

या निबंधाची किंमत कोण मोजतो, हे एका उदाहरणाने सांगते. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत, १९७२ च्या जुन्या आणि २०२१ च्या नव्या अशा दोन्हींत, कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या तरतुदी पुरेशा स्पष्ट आहेत. मुलामुलींसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २५ वर्षांची आहे. परंतु जे अपत्य अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू शकत नाही त्याला हे वेतन आजीवन मिळू शकते. पात्र विधवा एकाहून अधिक असतील तर त्यांच्यात ते समान वाटले जाते. अशाच स्वरूपाचे नियम लागू असलेल्या एका कार्यालयात नवी प्रणाली आली. तिच्या निवेदनात वाक्य होते की प्रणालीने कुटुंब-निवृत्तिवेतनास पात्र व्यक्तीची नोंद घ्यावी. व्यक्तीची, एकवचनी. प्रोग्रॅमरने एक चौकट केली. वय २५ च्या वर गेले की प्रणाली 'अपात्र' असे उत्तर देई.

आईच्या मृत्यूनंतर एका चाळिशीतल्या मतिमंद मुलाचे वेतन सुरू व्हायचे होते. त्याची वृद्ध मावशी त्याला घेऊन त्या कार्यालयात फेऱ्या मारीत होती. लिपिकाला नियम माहीत होता, लेखाधिकाऱ्याला माहीत होता. संगणकाला माहीत नव्हता. कंत्राटदाराकडे विचारणा झाली. त्याचे उत्तर असे की मान्य निवेदनात हे नाही, तेव्हा हा 'चेंज रिक्वेस्ट', त्याचा वेगळा खर्च, त्याला वेगळी मंजुरी. मंजुरीची फाइल वर गेली, शंका निघून खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी मुलाचे पैसे हाताने लिहिलेल्या बिलावर काढावे लागले. नंतर मी त्या लिपिकाला कोऱ्या कागदावर ती चौकट काढून दाखवली आणि विचारले, की ही तुम्हाला आधी कोणी दाखवली असती तर? तो क्षणात म्हणाला, "एकच चौकट? मग दोन बायका असल्या तर काय करायचं? आणि अपंग मुलाला वयाची अट कशाला?" नियमपुस्तकाचे सार त्याने दोन प्रश्नांत सांगितले. पण प्रणाली बनत असताना त्याला कोणी विचारलेच नव्हते, कारण मुलाखती फक्त वरिष्ठांच्या झाल्या होत्या.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. संदिग्ध निवेदन ही सर्वांच्याच सोयीची गोष्ट आहे. कंत्राटदाराची सोय अशी की निविदेत कमी दर टाकून काम मिळवायचे आणि पुढे प्रत्येक खुलाशाला चेंज रिक्वेस्ट म्हणायचे. सल्लागाराची सोय अशी की पानांच्या जाडीवर त्याचे काम भरीव दिसते. आणि आम्हा अधिकाऱ्यांचीही सोय आहेच. मजकुरावर सही केली की निर्णय घेतल्याचे दिसते, पण प्रत्यक्षात काहीच ठरवावे लागत नाही. चित्र समोर आले की ठरवावे लागते: हे प्रकरण कोणाच्या सहीने थांबेल, कोणाच्या नावापुढे उशिराचे दिवस दिसतील, तहसीलदाराला ते दिसतील की फक्त जिल्हाधिकाऱ्याला. ज्या प्रश्नांवर खात्यात मतभेद आहेत ते प्रश्न मजकुरात झाकले जातात. चित्रात ते झाकता येत नाहीत. माझ्या मते नमुन्याला होणाऱ्या विरोधाचे खरे कारण हे आहे, तंत्रज्ञानाचे नाही.

आता कोणी म्हणेल की सरकारी यंत्रणेला हे झेपणारे नाही. त्यांना मी याच यंत्रणेचे एक उदाहरण देते. मतदानयंत्राची कल्पना निवडणूक आयोगात १९७७ साली निघाली. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ साली त्याचा नमुना बनवला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चालवून दाखवला. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात, तेही केवळ ५० मतदान केंद्रांवर, तो प्रथम वापरला गेला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये कायद्यात तरतूद नसल्याचे दाखवून दिले, १९८८ मध्ये तशी दुरुस्ती झाली, आणि लोकसभेच्या सर्व जागांवर ही यंत्रे २००४ साली वापरली गेली. त्या यंत्राचा चेहरा पाहा. उमेदवारांची नावे आणि चिन्हे यांची तीच ओळखीची मतपत्रिका, तिच्या शेजारी निळे बटण आणि लाल दिवा. निरक्षर मतदारालाही शिकावे लागले ते एवढेच, की शिक्क्याऐवजी बटण दाबायचे.

मतदानाची चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट यंत्र आले तेव्हाही आयोगाने हाच मार्ग धरला. जुलै २०११ मध्ये लडाख, तिरुवनंतपुरम, चेरापुंजी, पूर्व दिल्ली आणि जैसलमेर या पाच अगदी वेगळ्या हवामानांच्या ठिकाणी त्याच्या चाचण्या झाल्या, त्यातून रचनेत बदल झाले, आणि मगच २०१३ साली नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत ते प्रत्यक्ष वापरात आले. यंत्राविषयीचे राजकीय वाद बाजूला ठेवा. माझा मुद्दा कार्यपद्धतीचा आहे. ज्या शासनाने लडाखच्या थंडीत आणि जैसलमेरच्या उन्हात नमुना नेऊन तपासला, त्याच शासनाला निवृत्तिवेतनाच्या स्क्रीनचे चित्र शेजारच्या खोलीतल्या लिपिकाला दाखवणे अशक्य कसे?

कर्नाटकातील 'भूमी' प्रकल्पाचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. सुमारे ६७ लक्ष खातेदारांचे २ कोटींच्या आसपास जमीन-उतारे तेथे संगणकावर आणले गेले आणि १७७ तालुका केंद्रांतून १५ रुपयांत उतारा मिळू लागला. हे आकडे त्या काळी पुष्कळ गाजले. मला त्यातली एक लहानशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या केंद्रांवर दुसरा एक स्क्रीन शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेला होता. आपल्या जमिनीच्या नोंदीबाबत समोरचा माणूस काय करतो आहे हे शेतकऱ्याला दिसत होते. दिसले की माणूस बोलतो, चूक दाखवतो. वापराच्या दिवशी जे खरे, ते आखणीच्या दिवशी खोटे कसे असेल? फरक एवढाच, की आखणीच्या दिवशी चूक दाखवली तर ती खोडरबराने पुसता येते.

उलट उदाहरण वस्तू व सेवा कराचे घेऊ. १ जुलै २०१७ रोजी हा कर देशभर लागू झाला. मूळ कल्पना अशी होती की विक्रेत्याने विक्रीचे विवरण १० तारखेपर्यंत भरावे, खरेदीदाराने त्यावरून आपले खरेदीचे विवरण १५ पर्यंत पक्के करावे, आणि २० तारखेपर्यंत तिसरे विवरण भरून कर चुकता करावा. महिन्याला तीन आणि वर्षाअखेर एक, म्हणजे वर्षाला ३७ विवरणे. कागदावर ही रचना तर्कशुद्ध होती, तिचा अहवालही ऑक्टोबर २०१५ मध्येच लोकांपुढे ठेवलेला होता. पण तो मजकूर होता. किराणा दुकानदाराने आणि त्याच्या हिशेबनिसाने आपली महिन्याची बिले घेऊन त्या तीन पायऱ्या चढून पाहाव्यात, असा नमुना कायदा ठरण्याआधी गावोगाव फिरला असता, तर विक्रेत्याने एक बिल उशिरा भरले की खरेदीदाराचे सारे गाडे कसे अडते हे पहिल्याच आठवड्यात दिसले असते, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात पहिल्याच महिन्यापासून मुदती वाढवाव्या लागल्या, तात्पुरते म्हणून ३-बी हे संक्षिप्त विवरण आणावे लागले, आणि १० नोव्हेंबर २०१७ च्या गुवाहाटीच्या बैठकीत कर परिषदेने दुसरे आणि तिसरे विवरण स्थगित केले. पुढे २०२२ च्या वित्त कायद्याने त्या दुतर्फा जुळणीची कलमेच मूळ कायद्यातून वगळली. तात्पुरते ३-बी मात्र टिकून राहिले.

याच करव्यवस्थेत मे २०१९ मध्ये नव्या विवरणांच्या साधनाचा एक नमुना, केवळ ते कसे दिसेल आणि कसे हाताळावे लागेल हे कळावे म्हणून, करदात्यांसाठी संकेतस्थळावर ठेवला गेला. ती नवी विवरणे पुढे अमलात आली नाहीत. तरीही मी ते पाऊल चांगलेच मानते. जी रचना अमलात यायची नाही तिच्यावर नमुन्याच्या पायरीवरच चर्चा होणे हे देशभर ती लागू करून मग मागे घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. खंत एवढीच की असे पाऊल दोन वर्षे उशिरा सुचले.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने आपल्या तपास-फायलींसाठी 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची प्रणाली करायला घेतली होती. तिचे गरजांचे निवेदन ८०० पानांहून मोठे होते. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ साली ती मोडीत काढावी लागली. पाने वाढवल्याने समज वाढत नाही, हे तिथेही दिसले. आणि संगणकशास्त्राच्या जाणकारांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या ज्या निबंधाकडे एकामागून एक टप्पे पार करण्याच्या पद्धतीचे मूळ म्हणून बोट दाखवले जाते, त्याच निबंधात त्यांनी नवी प्रणाली आधी लहान प्रमाणावर एकदा करून पाहण्याचा सल्ला दिला होता. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये नेमके काय बनवायचे हे ठरवणे हाच सर्वांत कठीण भाग असल्याचे सांगून त्यावर नमुन्यांचाच उपाय सुचवला होता. आपण टप्पे तेवढे उचलले आणि सल्ला सोडून दिला.

मग करायचे काय? कुठल्याही जिल्हा कार्यालयाला तीन आठवड्यांत आणि स्टेशनरीच्या खर्चात करता येईल अशी पद्धत मी सुचवते.

पहिली गोष्ट, सुरुवात अभिलेख-कक्षातून करावी. सरळसोट प्रकरणे नकोत. ज्यांनी डोके खाल्ले अशी दहा जुनी प्रकरणे बाहेर काढावीत. वारसांत वाद असलेला फेरफार, जन्मतारीखच नसलेला अर्जदार, दोनदा आडनाव बदललेली स्त्री, एकच शब्दाचे नाव असलेला माणूस.

दुसरी गोष्ट, एका स्क्रीनला एक कागद या हिशेबाने चित्रे काढावीत. पेन्सिलीनेच काढावीत. रंगीत, चकचकीत चित्र समोर आले की पाहणारा रंगावर बोलतो आणि 'छान झाले आहे' म्हणून उठतो. पेन्सिलीच्या चित्रावर खोडाखोड करायला चपराशीही कचरत नाही.

तिसरी गोष्ट, चित्रे वरिष्ठांना दाखवण्यापूर्वी लिपिकाला, सेवाकेंद्र चालवणाऱ्याला आणि रांगेतल्या चार अर्जदारांना द्यावीत. दहांतले एक प्रकरण त्यांच्या हाती देऊन 'हे यात भरा' एवढेच सांगावे. एका कर्मचाऱ्याने संगणकाची भूमिका करावी, बोट ठेवले जाईल त्याप्रमाणे पुढचा कागद समोर ठेवावा. समजावून सांगू नये. माणूस जिथे थांबेल, जो शब्द त्याला कळणार नाही, तो टिपून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी नवी चित्रे काढून पुन्हा बसावे.

चौथी गोष्ट, स्क्रीनवरचे शब्द त्या राज्याच्या भाषेत आणि त्या कार्यालयाच्या बोलीत असावेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना याचा अनुभव असेलच. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन घरे गृहीत धरतो. तमिळनाडूत आडनाव न लावता नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावणारी असंख्य माणसे आहेत. 'आडनाव भरणे आवश्यक आहे' असे बजावणारी चौकट त्यांच्यासाठी बंद दारच असते. दिल्लीत बसून लिहिलेल्या मजकुरात हे सुचत नाही. चेन्नईच्या रांगेतल्या पहिल्या माणसापुढे कागद ठेवला की लगेच दिसते.

पाचवी गोष्ट, तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर जी चित्रे टिकतील त्यांवर ज्यांनी ती वापरून पाहिली त्यांच्या आणि अधिकाऱ्याच्या तारखेसह सह्या घ्याव्यात, आणि ती दहा अवघड प्रकरणांसह निविदेला जोडावीत. प्रणाली स्वीकारण्याची कसोटीही तीच, की ही दहा प्रकरणे या चित्रांप्रमाणे पूर्ण झाली तर पैसे मिळतील.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकलेले आहेत. पहिला, लेखापरीक्षणात अडचण येईल. मला उलटे वाटते. काय मागितले होते आणि काय मिळाले हे लेखापरीक्षकाला ताडून पाहायचे असते. 'वापरण्यास सुलभ असावे' या वाक्याशी तो काय ताडणार? सही-तारखेचे चित्र हा कितीतरी भक्कम पुरावा आहे. शिवाय जिथे तपशील आधी निश्चित करणे शक्य नसते तिथे २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत दोन टप्प्यांच्या निविदेचीही तरतूद आहे. नियम आड येत नाहीत, सवय येते.

दुसरा आक्षेप असा की कंत्राटदार प्रात्यक्षिक दाखवतोच. प्रात्यक्षिक आणि नमुना यांत गल्लत करू नये. प्रात्यक्षिकात कंत्राटदाराचा माणूस बटण दाबतो, आपण चहा पीत पाहतो, आणि त्यातला अर्जदार नेहमी बिनचूक कागदपत्रे आणणारा राम किंवा श्याम असतो. नमुन्यात आपला लिपिक बटण दाबतो आणि अर्जदार अभिलेख-कक्षातून आलेला असतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. चित्रात प्रणालीचा फक्त चेहरा दिसतो. एकाच वेळी लाखभर लोक आले तर ती टिकेल का, माहिती सुरक्षित राहील का, वेतनाचे गणित बरोबर होईल का, हे चित्रातून कळत नाही. त्यासाठी मजकूर लागेलच, आणि तो काटेकोरच हवा. माझे म्हणणे मजकूर फेकून द्या असे नाही. आधी चित्र, मग त्या चित्राला लागणारा मजकूर, असा क्रम हवा, एवढेच. घराच्या पायाचे गणित अभियंत्यानेच करावे, पण स्वयंपाकघराचे दार कुठे उघडावे हे घरातल्या बाईला नकाशा दाखवूनच ठरवावे. नकाशा मंजूर असल्याशिवाय कोणतीही नगरपालिका दोन खोल्यांचे घर बांधू देत नाही. कोट्यवधी लोकांच्या उपयोगाची प्रणाली मात्र नकाशाशिवाय उभी राहते.

शेवटी, हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बंगळूर, हैदराबाद, गुडगाव किंवा परदेशात याच व्यवसायात आहेत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. सरकारी अधिकाऱ्यांना आपल्याला काय हवे तेच सांगता येत नाही, ही तुमची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ती खरी आहे. पण शब्दांत सांगता येत नाही म्हणजे ठाऊक नाही असे होत नाही. त्या लिपिकाला सर्व ठाऊक होते. तुमच्या कंपनीने पुढच्या वेळी जाडजूड निवेदनावर सही मागितली, तर सात दिवसांच्या मुदतीचे पत्र पाठवण्याआधी कागद आणि पेन्सिल घेऊन एकदा त्या कार्यालयात तुम्हीच जा. आणि आम्हा अधिकाऱ्यांसाठी नियम एका ओळीचा असावा, तोही शासन-निर्णय काढून: वापरणाऱ्याची सही नमुन्यावर असल्याशिवाय निविदेच्या फायलीवर सही होणार नाही. अपंग भाच्याला घेऊन जिने चढणाऱ्या मावशीला आपण आखणीत विचारात घेतले होते की नाही, याचा हिशेब त्या एका सहीतून मिळेल.